उजेडाच्या अलीकडे

पहिल्या दिवशी कॅमेरा आंधळा झाला.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. पहाटे साडेचारला आतेभावाच्या फ्लॅटमधून निघालो, लिफ्टनं खाली आलो, काचेचं दार ढकललं आणि आखाताची दमट हवा ओल्या पंचासारखी तोंडावर बसली. रात्रभर एसीत गारठलेली लेन्स पिशवीतून काढली मात्र, तिच्यावर पांढरी वाफ धरली. पुसली, पुन्हा धरली. शर्टाच्या टोकानं पुसत बसलो, तोवर समुद्रावर सूर्य आला, त्याच्यासमोरून पाणकावळ्यांची एक लांबलचक रांग पाण्याला लागून गेली. मला सगळं दिसलं, कॅमेऱ्याला काहीच नाही.

घरी परतलो तेव्हा दादा चहा गाळत होता. माझं तोंड बघून त्यानं काय ते ओळखलं.

"अरे, इथं कॅमेरा रात्रीच बाल्कनीत ठेवायचा असतो. पिशवीसकट, चेन लावून. कांदे-बटाटे ठेवतो ना आपण, त्यांच्या शेजारी."

दुसऱ्या रात्रीपासून माझी चारशे मिलिमीटरची लेन्स दादाच्या कांद्यांशेजारी झोपू लागली. आखातात पाठीमागच्या उजेडातले पक्षी टिपायचे तर पहिला धडा हा. बाकीचे धडे पक्ष्यांनी दिले.

*

ज्या जागेची ही गोष्ट आहे ती जागा पंचवीस वर्षांपूर्वी नव्हतीच. दोह्याच्या उत्तरेला, वेस्ट बेच्या पलीकडे उथळ समुद्र होता आणि तळाशी शिंपल्यांचे थर. त्या समुद्रात भराव घालून सुमारे 40 लाख चौरस मीटरचं बेट उभं केलं. त्याला नाव दिलं 'द पर्ल'. किनाऱ्याची नवी लांबी 32 किलोमीटर. परदेशी माणसाला मालकीहक्कानं घर घेता येईल अशी कतारमधली ही सुरुवातीची जागा. पोर्तो अरेबियाच्या गोल धक्क्याभोवती टॉवर, पलीकडे व्हेनिसच्या धर्तीवर बांधलेले कनात क्वार्टियरचे कालवे, त्यांच्यावर कमानदार पूल, दोन्ही अंगांना पिवळी-गुलाबी घरं. रात्री इथं अंधार मागून मिळत नाही.

नाव मात्र उगाच दिलेलं नाही. या पाण्यात पिढ्यान् पिढ्या पाणबुडे मोत्यांसाठी बुड्या मारत होते आणि इथला चांगला माल मुंबईच्या मोतीबाजारात येत होता. अरब व्यापारी मोत्यांच्या पुड्या घेऊन मुंबईत येत, महिनोन् महिने राहत. कतारमध्ये 1966 पर्यंत चलनही आपला रुपयाच होता. 1959 पासून त्यासाठी रिझर्व्ह बँकेनं खास आखाती नोटा काढल्या होत्या. 1920-30च्या दशकांत जपानी संवर्धित मोती बाजारात आले, त्यातच जागतिक मंदी आली आणि बुड्या मारणारी गलबतं किनाऱ्याला लागली ती लागलीच. पर्लच्या नकाशावर छोट्या खाजगी बेटांचा एक पुंजका आहे, त्याचं नाव 'इझोला दाना'. दाना म्हणजे मोठा, निर्दोष मोती. शब्द मूळचा फारसी, अर्थ दाणा. आपण मोत्याचा 'दाणा' म्हणतो तोच. सव्वादोन-अडीच हजार किलोमीटरवरून आलेल्या माणसाला त्या पाटीपाशी जरा बरं वाटतं.

कोकणातल्या माणसाची इथं एक गोची होते. आपला सूर्य समुद्रात बुडतो. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत सगळे मावळतीचे फोटो काढत मोठे झालेले. कतारचा हा किनारा पूर्वेचा. इथं सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी शहराच्या मागं जातो. म्हणजे समुद्र, सूर्य आणि मध्ये पक्षी हे तिन्ही एका ओळीत हवे असतील तर पहाटेच उठायचं. जूनमध्ये तर पावणेपाचच्या सुमारास सूर्य वर असतो. दादा म्हणाला, "सोळा वर्षं आहे इथं, पण सूर्योदय बघितला तो फक्त एअरपोर्टला जाताना."

*

मराठीत फोटोला दोन शब्द आहेत. एक प्रकाशचित्र, दुसरा छायाचित्र. पहिला इंग्रजीतून येताना ग्रीक मूळ जपून आला. दुसऱ्यानं मात्र उजेड सोडून सावली धरली आणि वापरात तोच रुळला. वर्तमानपत्रात फोटो काढणारा तो छायाचित्रकार. आपण हा शब्द दिवसातून दहा वेळा वाचतो आणि त्याचा अर्थ डोक्यात घेत नाही. मला तो पर्लवर कळला.

बॉक्स कॅमेऱ्याच्या जमान्यापासून फोटो काढणाऱ्याला पहिली शिकवण मिळते ती 'सूर्य पाठीशी घे' ही. सूर्य आपल्या पाठीशी म्हणजे पक्ष्याच्या तोंडावर. पिसांचा रंग दिसतो, डोळ्यात ठिपका चमकतो, पक्षी ओळखता येतो. पक्ष्यांच्या पुस्तकातली चित्रं अशीच असतात. आता हेच उलटं करा. सूर्य पक्ष्याच्या पाठीशी, आपण समोर. रंग गेला, डोळा गेला, पिसांवरची नक्षी गेली. उरली ती बाह्यरेषा. हीच छायाकृती, फोटोवाल्यांच्या बोलीत सिलुएट. हा फ्रेंच शब्द एत्येन द सिलुएट या अर्थमंत्र्याच्या नावावरून आला. 1759 मध्ये तो पदावर होता, काटकसरीसाठी बदनाम झाला आणि काळ्या कागदातून कापलेल्या स्वस्त मुखाकृतींना लोकांनी त्याचं नाव चिकटवलं.

आपल्याकडे ही कला काटकसरीची नव्हे, भक्तीची. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागं धरतात, मागं दिवा असतो आणि समोर बसलेल्या गावाला रामायण दिसतं. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्या नीट बघितल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक चेहरे बाजूनं कोरलेले असतात. कारण सरळ आहे. समोरून बघितलेल्या चेहऱ्याची सावली म्हणजे नुसता वाटोळा गोळा. नाक, हनुवटी, मुकुटाचं टोक सावलीत उतरायचं तर मान वळलेली हवी. बगळ्यालाही हाच नियम. त्यानं तोंड माझ्याकडे केलं की त्याची चोच नाहीशी होते आणि फोटोत काठीवर ठेवलेलं गाठोडं येतं. मान वळवली की चोच, लवलेला गळा, डोक्यामागची तुऱ्याची दोन पिसं, सगळं हजर.

*

तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो, कारण तो खरोखर थोडका आहे. कॅमेऱ्याचं मीटर समजूतदार पण अरसिक असतं. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी करायची असते. काळा पक्षी दिसला की ते उजेड वाढवतं, आकाश पांढरंफटक होतं आणि पक्षी धुरकट. म्हणून मोजमाप पक्ष्यावर घ्यायचं नाही. सूर्याच्या जरा बाजूचं आकाश मोजायचं, तो आकडा पक्का करायचा, वर एखाददुसरा स्टॉप उजेड कमी करायचा. आकाशाचा रंग जागेवर येतो, पक्षी आपोआप काळा होतो. पक्ष्याचे पाय, मान, चोच एकमेकांवर चढू नयेत, पंख अंगाला चिकटलेले नसावेत, मागं खांब नसावा. आणि आरशाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून वर आलेल्या सूर्याकडे कधीही बघू नये. चारशे मिलिमीटरचं भिंग डोळ्याशी भिंगासारखंच वागतं.

एक आकडा मात्र मला इथं सापडला आणि तो सोडवत नाही. सूर्य आपल्यापासून जितका लांब आहे, ते अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण 108 पट भरतं. जपमाळेचे मणी तितकेच, हा योगायोग ज्याला जसा हवा तसा घ्यावा. फोटोवाल्याला तो असा उपयोगी पडतो. लेन्स जितक्या मिलिमीटरची असेल त्याला 108 नं भागा. तितक्या मिलिमीटरचा सूर्य कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडतो. माझ्या चारशेच्या लेन्सवर पावणेचार मिलिमीटरचा, म्हणजे फुलफ्रेमच्या उंचीच्या जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्शाचा.

आता पक्षी घ्या. बगळा उभा राहिला की साधारण अर्धा मीटर. अर्ध्या मीटरला 108 नं गुणलं तर 54 मीटर. तितक्या अंतरावर बगळा आणि सूर्याची थाळी उंचीला बरोबरीची दिसतात. त्याहून जवळ गेलात तर बगळा सूर्याला झाकून टाकतो. त्याहून लांब गेलात तर बगळा थाळीत मावतो. एरवी पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याचं आयुष्य 'अजून दोन पावलं जवळ' या हव्यासात जातं. इथं मागं सरकावं लागतं. थाळी क्षितिजावर पूर्ण यायला या अक्षांशावर जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. तेवढ्यात मी मागं, डावीकडे, परत मागं असा सरकत असायचो. सकाळी पळायला येणारे लोक माझ्याकडे बघून जागा सोडून पळत.

*

बगळ्याची ओळख करून द्यायला हवी. हा समुद्री बगळा. आखाताच्या किनाऱ्यावर आहे तसाच मुंबई-रत्नागिरीच्या खडकांवरही आहे. याचे दोन वेष असतात. काही पक्षी पाटीसारखे गडद राखाडी, हनुवटीवर तेवढा पांढरा डाग. काही पूर्ण पांढरे. जात एक, रंग दोन.

चौथ्या पहाटे पूर्वेच्या कडेला, बांधाच्या दगडांवर हे दोन्ही आले. ओहोटी होती. पांढरा एका दगडावर, काळा पंधरा-वीस फुटांवर पाण्यात. उजाडण्याआधीच्या निळ्या उजेडात त्यांचा फरक स्वच्छ दिसत होता. मग त्यांच्या मागून पाण्यावर तांबडी रेघ उमटली, सूर्याची कड आली आणि बघता बघता दोघेही सारखेच काळे झाले. आता कोण कोणता, हे मला रंगावरून सांगता येईना. पण सांगता येत होतंच. एक जण मान खांद्यात घालून गप्प उभा होता. दुसरा पाण्यात एक पाय हलवत, चिखल ढवळत, मध्येच पंख अर्धे उघडून दोन पावलं धावत होता. तो काळा. कारण शिकार पाण्यात उभा असलेला करत होता आणि पाण्यात काळा होता. रंग गेल्यावर मी प्रथमच त्या पक्ष्याची ढब बघायला लागलो.

ढब हा शब्द मला फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात मिळाला नाही, पण गोष्ट तीच आहे. लांबून चालत येणारा आपला माणूस आपण चेहऱ्यावरून ओळखत नाही, चालीवरून ओळखतो. जुने पक्षीनिरीक्षकही असंच ओळखतात. पाणकावळ्यांची रांग कशी उडते, कुरव कसा वळतो, सुरय पाण्यावर थबकून कसा सूर मारतो. त्या रांगेतला सोकोत्रा पाणकावळा तर या भागाचाच. आखात आणि अरबस्तानाच्या आग्नेय किनाऱ्याबाहेर तो क्वचितच दिसतो, आणि त्याच्या अस्तित्वाला धोका असल्याची नोंद आहे. लांबवरून, सूर्यासमोर, त्याचा रंग पाहून काही उपयोग नाही. मान किती लांब, पंख किती भरभर, रांग किती खाली, एवढंच हातात असतं.

*

मग मला प्रश्न पडला की आपल्याला सावली ओळखायला शिकावी लागते, तर त्यांना?

1937 मध्ये कॉनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी पुठ्ठ्याची एक आकृती कापली. एका बाजूला आखूड टोक, दुसऱ्या बाजूला लांब, मध्ये दोन पंख. ती पाळीव पक्ष्यांच्या डोक्यावरून दोरीला लटकवून फिरवली. आखूड टोक पुढं धरलं तर ती ससाण्याची सावली, लांब टोक पुढं धरलं तर हंसाची. ससाणा फिरला की खालचे पक्षी बिचकले, हंस फिरला तर नाही, असं त्यांनी मांडलं. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली. जन्मजात भीती ससाण्याच्या आकाराची नसून, रोज न दिसणाऱ्या आकाराची असते, रोज दिसणाऱ्या सावलीला पक्षी सरावतात, असं वोल्फगांग श्लाइट यांचं म्हणणं. पण वाद कशाबद्दल होता बघा. पक्षी आकाशातली काळी आकृती वाचतात याबद्दल नव्हता. कशी वाचतात याबद्दल होता.

खालून वर बघणारे मासेही तेच वाचत असावेत. कुरव, सुरय यांची पोटं पांढरी असतात. त्याचं एक स्पष्टीकरण असं की पांढरं पोट उजळ आकाशात विरतं आणि माशाला वरून येणाऱ्याची सावली उशिरा दिसते. म्हणजे शिकारी पक्षी स्वतःचं सिलुएट पुसायला बघतो आणि मासा ते शोधत असतो.

सगळ्यात हळवा धडा कासवांचा. कतारच्या उत्तर किनाऱ्यावर फुवैरित नावाची वाळूची पट्टी आहे. एप्रिल ते जुलै या काळात तिथं चोचवाली समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि हंगामात किनारा लोकांसाठी बंद ठेवतात. रात्री घरट्यातून वर आलेलं पिल्लू समुद्र ओळखतं ते असं. मागं वाळूच्या टेकड्यांची उंच काळी आकृती, पुढं पाण्यावरचं सखल, उजळ क्षितिज. काळ्याकडे पाठ करायची, उजळ्याकडे चालायचं. इतकंच. किनाऱ्यावर दिवे लावले की हे गणित उलटतं, मग पिल्लं रस्त्याकडे चालू लागतात. आपल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं 2002 पासून चालवलं, तिथंही पिल्लं सोडताना विजेरीला मनाई असते. मला ते तेव्हा शिस्तीचं वाटलं होतं. ते वाचनाचं होतं. पिल्लू एक सिलुएट वाचत असतं आणि आपली विजेरी त्या पानावर शाई सांडते.

पर्लवर मात्र टॉवरांची दिव्यांनी लखलखलेली रांगच क्षितिज होऊन बसली आहे.

*

या बेटावर वन्यजीव असे फार नाहीत, हे कबूल. वाळवंटातल्या पांढऱ्या ऑरिक्सची शिंगं सूर्यासमोर बघायची तर शहानियाकडे जावं. ते जनावर 1972 मध्ये ओमानात शेवटचं मारलं गेलं आणि जंगलातून नाहीसं झालं. बंदिवासात वाढवून 1982 पासून पुन्हा सोडलं गेलं. आज ते कतारच्या विमानांच्या शेपटीवर आहे, तेही निव्वळ बाह्यरेषेत. रोहित पक्षी हवे असतील तर थंडीत उत्तरेला, ठकीराच्या तिवरांकडे.

पर्लवर मांजरं आहेत. कालव्याच्या कट्ट्यावर, कॅफेच्या खुर्च्यांखाली. त्यांच्यावर मी दुसरा प्रकार शिकलो, कडेचा उजेड. छायाकृतीला मागं उजळ आकाश लागतं, याला मागं काळोख लागतो. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर आणि जनावराच्या मागं सावलीतली भिंत. मग अंग काळंच राहतं, पण अंगाभोवती सोनेरी दोरा ओढल्यासारखी केसांची कड पेटते. मिश्या मोजता येतात. एका बोक्याचे कान तर आरपार लाल दिसले, आतल्या शिरांच्या फांद्यांसह. समोरून बघताना तो मळका, एक डोळा चिकटलेला बोका होता. माझ्या कार्डातला सगळ्यात श्रीमंत फोटो त्याचाच.

आणि आहेत साळुंक्या. आपल्याच. कतारमध्ये त्यांची गणना 'आक्रमक परकी प्रजाती' अशी होते आणि पर्यावरण मंत्रालय त्यांना पिंजरे लावून पकडतं. मी वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "जरा हळू बोला, व्हिसा रिन्यू व्हायचाय."

पोर्तो अरेबियाच्या कठड्यावर संध्याकाळी दोन साळुंक्या बसल्या होत्या. मागं मावळता सूर्य, वाऱ्यानं उडालेल्या धुळीत विझत आलेला, कुंकवाच्या टिकलीसारखा काठ स्पष्ट असलेला. वाळवंटाची धूळ हवेत असली की सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच असा मवाळ होतो, आपल्या पावसानंतरच्या धुतलेल्या आकाशात होत नाही. दोघींच्या काळ्या आकृत्या अगदी ठसठशीत आल्या. त्यात परकं काही दिसत नव्हतं.

साधे पक्षी आणि शहर यांवर फोटो उभा राहतो का, असं विचारणाऱ्यांना 2016ची वन्यजीव छायाचित्रकारांची ती जागतिक स्पर्धा दाखवावी. त्या वर्षी तरुण गटाचा मुख्य पुरस्कार सोळा वर्षांच्या गिडियन नाइटला मिळाला. लंडनमधल्या घराजवळच्या बागेतलं झाड, निळी संध्याकाळ, चंद्र आणि फांद्यांत बसलेला कावळा. सगळं काळ्या आकृतीत. त्याच वर्षी शहरी विभागात आपले नयन खानोलकर जिंकले, आरे कॉलनीतल्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याच्या फोटोसाठी. त्यांनी फ्लॅश असे लावले होते की गल्लीतल्या रोजच्या दिव्यांसारखे वाटावेत आणि बिबट्यानं चौकट व्यापू नये. तोही मागं सरकण्याचाच प्रकार.

*

शेवटच्या पहाटे बांधावर फक्त काळा बगळा होता. मी साठेक मीटरवर दगडावर बसलो. कॅमेरा कांद्यांशेजारी रात्र काढून आलेला, काच स्वच्छ. मागं रस्त्यावर एक कामगार झाडलोट करत होता. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथं कायद्यानं बंदी असते, त्यामुळे ही सकाळची कामं त्यांच्या अंगवळणी पडलेली. तो जवळून जाताना आकाशासमोर त्याची आणि झाडूची आकृती सुरेख दिसली. काढली नाही. माणसांच्या फोटोबाबत इथला कायदा कडक आहे, आणि छायाकृतीत चेहरा नसतो हा युक्तिवाद मलाच पटला नाही. चेहरा नसला तरी ढब असते, आणि तीच तर ओळख.

सूर्याची कड आली. बगळा मान वळवून उभा राहिला, हवा तसा. मी कॅमेरा डोळ्याला लावायला उचलला आणि तो उडाला. आधीच्या अर्ध्या तासात मी शिंकलो होतो, पाय बदलला होता, झाडूवाल्याशी बोललो होतो. तेव्हा तो हलला नव्हता. हात वर गेल्यावरच का?

मागं वळून बघितलं आणि कळलं. माझ्या पाठीशी पर्लचे टॉवर होते, खालपासून वरपर्यंत दिवे लागलेले. म्हणजे पहाटेपासून मी त्याच्यासमोर उजेडाच्या अलीकडे बसलेलो होतो. मी त्याची आकृती शोधत होतो, आणि त्याच्यापुढं माझी आकृती अगदी स्पष्ट होती. बसलेला मी त्याच्या ओळखीचा, रोज बांधावर गळ टाकणाऱ्यांतला एक. हात वर करून समोर लांब नळी काढलेली आकृती त्याच्या ओळखीची नव्हती.

पाण्याला लागून तो गेला. थाळीच्या मधोमध एकदा पंख वर, एकदा खाली. मी कॅमेरा खाली ठेवला. बगळा पुढच्या दगडावर उतरला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा गळ टाकणाऱ्यासारखा बसलो.